हाताने लिहिणं आणि लेखकाचा पहिला खर्डा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी दर रविवारी सकाळी सात-आठ जण वह्या घेऊन बसतात. कुणी कथा लिहितं, कुणी कविता. एक काका आपल्या कापड गिरणीतल्या दिवसांबद्दल लिहिताहेत. आधी दीड तास लिहिणं, मग पोहे-जिलेबी, हा क्रम कधी मोडत नाही. नवीन येणारा प्रत्येक जण थोड्याफार फरकाने तेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

फोनवर, लॅपटॉपवर झरझर लिहिता येत असताना वही कशाला?

फोनवर लिहूच नका असं मी कुणाला सांगत नाही. हा मजकूरही शेवटी टंकलेलाच आहे. माझा आग्रह फक्त पहिल्या खर्ड्यापुरता आहे.

पडद्यावर कच्चं वाक्यसुद्धा छापल्यासारखं दिसतं. एकसारखी अक्षरं, सरळ ओळी. वाक्य असं नीटनेटकं दिसलं की त्याला हात लावायला मन धजत नाही. वहीत कच्चं वाक्य कच्चंच दिसतं, आणि ते अजून व्हायचं आहे हे डोळ्यांना कळत राहतं.

दुसरी गोष्ट वेगाची. हात मनाच्या मागे पडतो. वाक्याचा शेवट कागदावर येईपर्यंत मन पुढे जाऊन परत आलेलं असतं, आणि पुष्कळदा येताना बरा शब्द घेऊन येतं. टंकताना ही फुरसत मिळत नाही. वाक्य मनात पूर्ण होण्याआधीच पडद्यावर पूर्ण झालेलं असतं.

हे मला अनुभवाने कळलं. २०२० साली, घरात बसून राहण्याच्या त्या दिवसांत, मी फोनवर लिहू लागले आणि दोन वर्षं तशीच लिहीत राहिले. नंतर त्या कथा सलग वाचल्या तेव्हा जाणवलं की सगळ्यांचा आवाज एकच आहे. सासू, भाजीवाला, दहा वर्षांचा मुलगा, सगळे सारख्याच लांबीची वाक्यं बोलत होते. त्यातली एक कथा वहीत पुन्हा लिहायला घेतली. सासूच्या तोंडच्या पहिल्याच वाक्याशी हात थांबला. माझी सासू अशी बोलली नसती, हे फोनवर मला एकदाही वाटलं नव्हतं.

विज्ञान याबद्दल काय सांगतं?

दोन प्रयोगांचा उल्लेख नेहमी होतो. दोन्ही चांगले आहेत, पण त्यांच्याकडून आपल्याला हवं तेच वदवून घेऊ नये.

२०१४ मध्ये पाम म्यूलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानाची टिपणं घ्यायला लावली, काहींना हाताने, काहींना लॅपटॉपवर. लॅपटॉपवाल्यांनी व्याख्यात्याचे बरेचसे शब्द जसेच्या तसे उतरवले. हाताने लिहिणाऱ्यांना सगळं उतरवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांना निवडावं लागलं, आणि विषय समजला आहे का हे तपासणाऱ्या प्रश्नांत ते पुढे राहिले. २०१९ आणि २०२१ मध्ये इतर संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा गुणांतला फरक तेवढा ठाम दिसला नाही.

दुसरा प्रयोग नॉर्वेतला, ऑड्रे व्हान डर मीर आणि त्यांच्या सहकाऱ्याचा. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ इलेक्ट्रोडांची जाळी बसवून मेंदूतल्या लहरी मोजल्या. हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांमधला मेळ टंकण्यापेक्षा कितीतरी व्यापक दिसला. मात्र त्यात टंकणारे एकाच बोटाने टंकत होते, आणि दहा बोटांनी टंकणाऱ्याबद्दल त्यावरून काही ठरवता येत नाही.

कथा सुचते कशी, हे या दोन्ही प्रयोगांनी तपासलेलं नाही. पण पहिल्या प्रयोगातली एक गोष्ट मला लेखकासाठी फार मोलाची वाटते: सगळं उतरवता येत नाही म्हणून निवडावं लागतं. लेखकाचं काम तेच तर आहे.

इंदूरच्या मराठी लेखकासाठी यात काही वेगळं आहे का?

आहे, आणि या सगळ्या उत्तरांतलं हेच मला सर्वांत जिव्हाळ्याचं आहे.

आपण घरात मराठी बोलतो, दाराबाहेर हिंदी. शाळा हिंदीत किंवा इंग्रजीत झाली. वहीला आपण 'कॉपी' म्हणतो, पातेल्याला 'तपेली', आणि घरापुढच्या कट्ट्याला 'ओटला'. 'काय करून राहिला?' हे आपलं रोजचं बोलणं. पुण्याचे पाहुणे हसतात, पण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून झालेली ही मराठी आहे आणि ती खरी आहे. गजानन माधव मुक्तिबोध इथल्या होळकर कॉलेजात शिकले. ते हिंदीतले मोठे कवी झाले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले. एका घरात दोन भाषा अशा नांदतात, तो हा माळवा.

आता फोन उघडा. हिंदी कीबोर्ड असेल तर पुढचा शब्द हिंदीतला सुचवतो. मराठी कीबोर्ड घेतला तर छापील, प्रमाण मराठीतला. आपली मराठी या दोन्हींच्या मधली आहे आणि ती कोणीच सुचवत नाही. माझ्या एका कथेत 'काकूंनी तपेली ओटल्यावर उपडी घातली' असं वाक्य होतं. टंकताना सुचवलेले शब्द घेत घेत ते 'काकूंनी पातेलं कट्ट्यावर उपडं घातलं' असं होऊन बसलं. चूक काहीच नव्हती, पण त्या काकू आता आमच्या गल्लीतल्या राहिल्या नव्हत्या. वहीतला खर्डा जवळ होता म्हणून तपेली परत मिळाली.

कागद काही सुचवत नाही. तुमच्या कानात जे असेल तेच त्यावर उतरतं. इथे बसून मराठी लिहिणाऱ्याने निदान पहिला खर्डा तरी अशा जागी लिहावा, जिथे दुसरं कुणी शब्द पुढे करत नाही.

खर्ड्यात शिरोरेघ द्यायची का?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण मला फार आवडतो.

देवनागरी लिहिताना बहुतेक जण शब्द पूर्ण करतात आणि मग वरची रेघ ओढतात. ती रेघ ओढताना हाताला विचार करावा लागत नाही. तेवढ्या क्षणात मन पुढचा शब्द निवडतं. आपल्या लिपीने प्रत्येक शब्दाच्या शेवटी ठेवलेली ही विश्रांती आहे. टंकताना ती नसते, रेघ आपोआप येते.

म्हणून माझी पद्धत अशी. संवाद लिहिताना, प्रसंग धावत असताना, रेघ देत नाही. पात्रं बोलताहेत तोवर त्यांना अडवायचं नाही. वर्णन किंवा कविता लिहिताना मात्र प्रत्येक शब्दावर रेघ देते. जुन्या वह्या चाळताना रेघेवरूनच कळतं की कुठे पळत होते आणि कुठे थांबून ऐकत होते. आमच्यातली एक ताई कथेचं पान संपल्यावर सगळ्या रेघा एकदम देते. तेवढ्यात तिचं पान पुन्हा वाचून होतं आणि चुका सापडतात. तुम्ही दोन्ही करून बघा.

माझा 'ल' आणि 'श' हिंदीसारखा येतो. मराठी वळणाचा काढायला हवा का?

हिंदी शाळेत शिकलेल्या हाताला तो तसाच येणार. मराठी वळणाचा ल पाकळीचा असतो आणि श देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच वळणं प्रमाण ठरवली आहेत. संगणकात मात्र दोन्ही भाषांच्या 'ल'चा सांकेतांक एकच असतो. तो पाकळीचा दिसेल की हिंदी वळणाचा, हे फॉन्टवर ठरतं. आपल्या हातावर कुठल्याही फॉन्टची सक्ती नाही.

खर्ड्यासाठी काहीही चालेल. मी चाळिशीत पाकळीचा ल मुद्दाम शिकले, कारण लिहिताना 'आता मी मराठीत आहे' अशी खूण मला हवी होती. सुरुवातीला हात अडखळायचा, पण महिनाभरात वळण बसलं.

माझं अक्षर फार वाईट आहे. माझं मलाच वाचता येत नाही.

वाईट अक्षर ही अडचण नाही, न वाचता येणारं अक्षर ही आहे. दोन्ही एक समजू नका.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास फक्त लेखनक्रियेला दिला आहे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं, असं त्यात सांगितलं आहे. तरुणपणी फार बारीक लिहाल तर म्हातारपणी ते कामाला येणार नाही, म्हणून अक्षर मध्यम आकाराचं ठेवा, हा सल्लाही त्यातलाच. साठीनंतर माझ्याच तिशीतल्या वह्या भिंगाखाली धरून वाचताना तो सल्ला पटतो.

तो समास मुख्यतः ग्रंथ सुबक उतरवून घेणाऱ्यांसाठी आहे. आपला खर्डा कुणाला दाखवायचा नाही. अक्षर थोडं मोठं काढा, दोन शब्दांत बोटभर जागा सोडा, आणि काना व मात्रा पूर्ण करा. वाचताना सगळ्यात जास्त घोटाळा अर्ध्या मात्रेनेच होतो. याने सुंदर नाही, पण वाचण्याजोगं अक्षर नक्की होतं.

चुकलेलं खोडायचं कसं? पान फाडून टाकलं तर?

पान फाडू नका. वाक्य गिरगटून काळंही करू नका. एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे.

हाताने लिहिण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला इथेच दिसतो. पडद्यावर पुसलेलं वाक्य गेलं ते गेलं. मागचे खर्डे सांभाळून ठेवायची सोय असली तरी कुणी उघडून बघत नाही. वहीत टाकून दिलेलं वाक्य त्याच पानावर समोर राहतं. मी एका कथेचा शेवट शोधत दोन महिने अडले होते. कृष्णपुऱ्याच्या पुलावर मुलाची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्याची ती गोष्ट. शेवटी सापडलं ते दुसऱ्याच पानावर खोडलेलं एक क्रियापद. सुरुवातीला 'तो थांबला' लिहून मी ते खोडलं होतं आणि वर 'तो उभा राहिला' केलं होतं. सुरुवातीला 'उभा राहिला' बरोबरच होतं. पण 'थांबला'ची जागा शेवटच्या ओळीत होती, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर त्या खोडलेल्या शब्दाने ठेवली.

रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांत खोडलेले शब्द रेघांनी एकमेकांना जोडले गेले आणि त्यांचे पक्षी, चेहरे, प्राणी झाले. पुढे त्यांची चित्रकला त्यातूनच उगवली. प्रत्येकाच्या वहीत हे घडेल असं नाही, पण खोडलेली जागा रिकामी नसते हे त्या पानांवर दिसतं.

वही कोणती आणि पेन कोणतं घ्यावं?

महाग वही घेऊ नका. महागड्या वहीत माणूस चांगलंच वाक्य लिहायला बघतो आणि मग काहीच लिहीत नाही. खजूरी बाजारात साधं एकरेघी रजिस्टर मिळतं, तेच घ्या. कागद मात्र चिमटीत धरून बघा. शाईचं पेन वापरणार असाल तर फार पातळ कागदावर शाई फुटते आणि मागच्या पानावर उमटते.

फक्त उजव्या पानावर लिहा आणि डावं पान कोरं ठेवा. तुटलेलं वाक्य, नंतर सुचलेला संवाद, पात्राचं वय, सगळं तिथे जातं. अर्धी वही वाया जाते असं पहिल्या आठवड्यात वाटतं. महिनाभरात डावी पानं उजव्यांपेक्षा जास्त भरलेली दिसतात.

पेनात मी बॉलपेनवर आले आहे. एका जुलैत शहर बसमधून येताना माझी पिशवी भिजली आणि पाण्यात पसरणाऱ्या जेलच्या शाईतली अकरा पानं निळी होऊन गेली. तेलकट शाईचं बॉलपेन पाण्याला टिकतं. शाईच्या पेनाचा आनंद मोठा आहे, तो हवा असेल तर पाण्याने न जाणारी शाई घ्या आणि पेन दर काही दिवसांनी धुवा, कारण तशी शाई आत सुकून बसते.

कविता आणि कादंबरी, दोन्हींना हाच नियम?

कवितेला शंभर टक्के. ओळ कुठे तुटते हे हाताला आधी कळतं.

कादंबरीचं तसं नाही. तीनशे पानं हाताने लिहून पुन्हा टंकणं सगळ्यांना झेपत नाही. प्रत्येक प्रकरणाचं पहिलं आणि शेवटचं पान हाताने लिहा, मधलं कसंही लिहा. आमचे गिरणीवाले काका असंच करतात.

डावखुऱ्यांनी काय करावं?

ओल्या शाईवरून हात फिरतो आणि अक्षरं माखतात. लवकर सुकणारं बॉलपेन घ्या आणि वही उजवीकडे कलती ठेवा. आणि लहानपणी कुणी उजव्या हाताने लिहायला लावलं असेल, तर मोठेपणी कविता डाव्या हाताने लिहून बघा.

मोडी शिकल्याने लेखकाचा काही फायदा होतो का?

होळकरांच्या कारभाराची पत्रं, हिशेब, सनदा मोडीत आहेत. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला मोडी वाचता आली तर तिथली भाषा थेट हाती लागते, दुसऱ्याने उतरवलेल्या मजकुरावर विसंबावं लागत नाही.

पण मला तिचं दुसरंच शिक्षण मोलाचं वाटतं. मोडीत आधी पूर्ण ओळीची रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली, हात शक्य तितका कमी उचलत, अक्षरं लिहीत जातात. बाळबोधीच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीच्या, बरोबर उलट. बोरूला पुन्हा पुन्हा उचलायचं नाही, हा त्या लिपीचा धर्म. मी मोडी गिरवायला लागले तेव्हा माझ्या मराठी वाक्यांची लांबी वाढली. रेघ आधीच ओढलेली असली की ती भरेपर्यंत वाक्य सोडवत नाही. कथेत फार तोकडी वाक्यं लिहिणाऱ्याने हे महिनाभर करावं.

हात दुखतो, बोटं आखडतात.

बहुतेक वेळा पेन फार घट्ट धरलेलं असतं. पेन आपल्या वजनाने टेकू द्या, जोर देऊ नका. फक्त बोटांनी न लिहिता मनगट आणि कोपरापासूनचा हात हलू द्या. वीस मिनिटांनी थांबा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा बधिर होत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

आणि ज्यांचा हात लिहूच देत नाही, त्यांनी कुणाला तरी सांगून लिहून घ्यावं. मराठीत सांगून लिहवून घेण्याची परंपरा जुनी आहे.

टॅबलेटवर स्टायलसने लिहिलं तर चालेल का?

चालेल. नॉर्वेच्या प्रयोगातही डिजिटल पेनने पडद्यावरच लिहिलं होतं. अट एकच: खोडायची सोय बंद ठेवा आणि रेघच मारा.

खर्डा टंकायचा कधी आणि कुणी?

तुम्हीच टंका. दुसऱ्याकडे देऊ नका. टंकणं हेच तुमचं दुसरं लेखन आहे. जे वाक्य टंकायचा कंटाळा येतो ते बहुतेक काढून टाकण्याजोगं असतं. मासिकांच्या अंकांना आता युनिकोडमधला, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल असा टंकलेला, मजकूरच लागतो, त्यामुळे हे काम टळत नाही.

पण खर्डा आणि टंकणं यांत आठ-दहा दिवस जाऊ द्या. वही बंद करून ठेवा. फोनच्या कॅमेऱ्याने हस्ताक्षर वाचून घेणारी साधनं छापील मजकूर चांगला वाचतात, घाईत लिहिलेल्या मराठीवर मात्र अडखळतात आणि ळ-ल, ण-न करून ठेवतात. त्यापेक्षा खर्डा मोठ्याने वाचून फोनला सांगा. आवाजावरून उतरवलेल्यातही चुका होतील, पण आपलं वाक्य आपल्या कानावर तर पडतं.

टंकून झाल्यावर वही शेजारी ठेवून पुन्हा एकदा वाचा, आणि तुमच्या 'तपेली'चं 'पातेलं' कुठे झालं ते बघा.

वह्या जपायच्या कशा?

प्रत्येक पानावर तारीख आणि आकडा. वही संपली की पानांचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. माझी फोनवरची एक अख्खी कथा फोन बंद पडल्याने गेली, आणि वहीची अकरा पानं पावसाने गेली. दोन्हींचा भरवसा सारखाच. वह्या लोखंडी कपाटात, फडक्यात गुंडाळून, जमिनीपासून वर ठेवा. पावसाळा संपला की एक दिवस सावलीत वाऱ्याला लावा.

आजच सुरुवात करायची आहे. पहिल्या पानावर काय लिहू?

उजव्या पानावर तारीख. त्याखाली आज सकाळी घरात किंवा ओटल्यावर ऐकलेलं एक वाक्य, जसंच्या तसं. शुद्धलेखन बघू नका, हिंदी शब्द आला तर येऊ द्या. मग ते कुणी कुणाला म्हटलं आणि ऐकणाऱ्याने काय केलं, एवढं दहा ओळींत लिहा. थांबावंसं वाटलं तरी दहावी ओळ पूर्ण करा.

गेल्या रविवारी गिरणीवाल्या काकांनी पहिल्यांदाच घरातलं वाक्य लिहिलं. त्यांची नात त्यांना म्हणाली होती, 'आजोबा, तुम्ही रोज काय लिहून राहिले, मला वाचून दाखवा ना.' त्याखालच्या दहा ओळी लिहायला त्यांना पाऊण तास लागला, आणि तेवढ्यात पोहे थंड झाले.